झामामीला देवमासे बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमध्ये राहायला आल्यापासून चार हिवाळे मी ओकिनावातल्या झामामी बेटावर गेले आहे. एकदा एकटी, दोनदा घरच्यांबरोबर आणि एकदा साताऱ्याहून आलेल्या आईला घेऊन. परत आले की ओळखीची मंडळी फोन करून साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. जाणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगते: ठरवलेल्या वेळी सुरू होणारा हा कार्यक्रम नाही. आपण बाळंतिणीच्या खोलीत डोकावायला चाललो आहोत, त्या भावनेने जा.

झामामी नक्की कुठे आहे?

जपानच्या अगदी दक्षिणेला ओकिनावा प्रांत आहे आणि नाहा ही त्याची राजधानी. नाहाच्या पश्चिमेला तीस-चाळीस किलोमीटरवर केरामा नावाचा छोट्या बेटांचा पुंजका आहे. झामामी, आका, गेरुमा आणि तोकाशिकी ही त्यातली वस्तीची बेटं. अक्षांश सुमारे २६, म्हणजे आपल्या गुवाहाटीच्या आसपास. त्यामुळे इथे बर्फ पडत नाही आणि जानेवारीतच चेरीची गडद गुलाबी फुलं फुलतात. ५ मार्च २०१४ रोजी हा सगळा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. इथल्या पाण्याच्या रंगाला जपानी लोक 'केरामा निळा' म्हणतात. ढगाळ दिवशीसुद्धा तो रंग पाहून आई म्हणाली होती, "कुणी नीळ घातलीय की काय?"

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत देवमासे इथे असतात. जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा भर हंगाम. एकच महिना निवडायचा झाला तर मी फेब्रुवारी सांगेन. उन्हाळ्यात येऊन "देवमासे कुठे आहेत?" असं विचारू नका, तेव्हा ते हजारो किलोमीटर उत्तरेला असतात.

पण ते इथे येतात कशाला?

हा प्रश्न कुणी विचारला की मला मनापासून आनंद होतो, कारण हे समजलं की बोटीवरचा सगळा अनुभव बदलतो.

इथे येणारे देवमासे हंपबॅक जातीचे. श्वास घेऊन खाली जाताना त्यांची पाठ कुबडासारखी वर येते, म्हणून हे नाव. जपानीत त्यांना 'झातो कुजिरा' म्हणतात. कुजिरा म्हणजे देवमासा, आणि झातो म्हणजे जुन्या काळी गावोगाव बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवत फिरणारे अंध कलावंत. वाद्य पाठीवर घेऊन चाललेल्या त्या माणसाची आकृती कुणाला तरी या पाठीत दिसली असणार.

उन्हाळाभर हे प्राणी कामचात्का, अल्यूशियन बेटं, बेरिंग समुद्र अशा गार पाण्यात असतात. तिथे क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, आणि छोटे मासे मुबलक असतात. पोटभर खाऊन ते अंगावर चरबीचा जाड थर चढवतात आणि थंडी सुरू झाली की दक्षिणेला निघतात. ओकिनावाच्या पाण्याचं तापमान हिवाळ्यातही २१-२२ अंशांच्या आसपास असतं. नवजात पिल्लाच्या अंगावर चरबी कमी असते, त्याला हे कोमट पाणी मानवतं. समागमही इथेच होतो, आणि साधारण अकरा-बारा महिन्यांनी मादी अशाच कोमट पाण्यात येऊन विते. जन्मतः पिल्लू चार मीटरच्या वर आणि वजनाला टनाच्या घरात असतं.

आता मुख्य गोष्ट. या कोमट पाण्यात त्यांच्या खाण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. म्हणजे आई काही महिने उपाशी राहून, अंगावर साठवलेल्या चरबीवर, पिल्लाला दाट दूध पाजत असते. वर परतीचा चार-पाच हजार किलोमीटरचा प्रवास बाकी असतोच. बोटीच्या आवाजाने तिला विनाकारण पळावं लागलं तर ती ताकद त्या साठ्यातूनच जाते. म्हणून पुढे अंतराबद्दल जे लिहिलं आहे ते कृपया वरवर वाचू नका.

भारतातून कसं पोहोचायचं?

भारतीय पासपोर्टवर जपानचा व्हिसा लागतो, तो आधी काढा. मुंबईहून नाहाला जाताना वाटेत विमान बदलावं लागतं. टोकियोमार्गे गेलात तर टोकियो ते नाहा सुमारे तीन तास. घड्याळ साडेतीन तास पुढे करा. नाहा शहरातल्या तोमारी बंदरातून झामामीच्या बोटी सुटतात. 'क्वीन झामामी' ही वेगवान बोट तासाभराच्या आत-बाहेर पोहोचवते, मोठी 'फेरी झामामी' सुमारे दोन तास घेते. विमानतळावरून बंदरावर टॅक्सीने जा, किंवा मोनोरेलने मिएबाशी स्टेशनला उतरून दहा-पंधरा मिनिटं चाला. लाटा वाढल्या की वेगवान बोट आधी रद्द होते, मोठी मात्र बऱ्याचदा जाते. ज्यांना बोट लागते त्यांनीही मोठीच पकडावी.

नाहाहूनच फेरी घ्यावी की झामामीला राहावं?

वेळ कमी असेल तर नाहाहून अर्ध्या दिवसाच्या फेऱ्या निघतात. त्या केरामाच्याच पाण्यात येतात, सुमारे तीन तास लागतात आणि संध्याकाळी तुम्ही शहरात मोकळे असता. त्यात वाईट काही नाही.

तरी मी झामामीला निदान दोन रात्री राहायला सांगेन. तिथून देवमाशांचं पाणी जवळ आहे, त्यामुळे दोन तासांच्या फेरीतला बराचसा वेळ जाण्या-येण्यात न जाता बघण्यात जातो. शिवाय आज समुद्र खवळला तर उद्याचा दिवस हातात राहतो. राहायला मिनशुकु मिळतात, म्हणजे आपल्या कोकणातल्या घरगुती राहण्या-जेवणाच्या सोयीसारखी ठिकाणं. भर हंगामात ती लवकर भरतात. रोख येन जवळ ठेवा, सगळीकडे कार्ड चालेल असं धरून चालू नका.

देवमासा नक्की दिसतो का?

भर हंगामात बहुतेक फेऱ्यांना दिसतो. दिसला नाही तर पैसे परत किंवा पुढची फेरी मोफत, असं काही बोटवाले सांगतात. नोंदणी करताना हे विचारून घ्या. पण "दिसला" या शब्दात खूप काही मावतं. कधी दूरवर दोन फवारे आणि एक काळी पाठ, बस्स. कधी बोटीपासून थोड्या अंतरावर तीस टनांचा प्राणी अख्खा हवेत. माझ्या नऊ फेऱ्यांपैकी पूर्ण उडी मी दोनदाच पाहिली आहे.

एवढ्या समुद्रात शोधतात कसा?

झामामीच्या उत्तर टोकाला इनासाकी नावाचं उंच ठिकाण आहे. हंगामात सकाळपासून तिथे जाणती माणसं दुर्बीण घेऊन बसतात. हंपबॅकचा फवारा तीनेक मीटर उंच आणि झुडपासारखा पसरट असतो. तो दिसला की वायरलेसवरून बोटींना दिशा कळवतात. आपल्याकडे मासळीचा थवा हेरणारे डोळे असतात ना, तसेच हे. झामामीतल्या बोटवाल्यांची संघटना १९९१ पासून हे काम करते आहे, त्यामुळे कोणती मादी पिल्लू घेऊन कुठल्या खाडीशी थांबते याचा त्यांना अंदाज असतो.

बोटीवर नाखवा दिशा घड्याळाच्या काट्यांनी सांगतो. बोटीचं नाक म्हणजे बारा. एवढं जपानी पाठ करा: 'जूनिजि' बारा, 'सानजि' तीन म्हणजे उजवीकडे, 'रोकुजि' सहा म्हणजे मागे, 'कुजि' नऊ म्हणजे डावीकडे. हे माहीत नसेल तर सगळे वळून बघेपर्यंत शेपटी पाण्याखाली गेलेली असते.

नेमकं काय बघायचं असतं?

आधी फवारा. वारा तुमच्याकडे असेल तर त्याचा आवाजही येतो, कुणीतरी जोरात सुस्कारा टाकावा तसा. देवमासा वर असताना काही सेकंदांच्या अंतराने तीन-चार-पाच श्वास घेतो आणि मग खोल जातो. खोल जाताना पाठीची कमान होते आणि शेवटी शेपटीचा रुंद पंखा पाण्याबाहेर उभा राहतो. शेपूट अशी उभी दिसली की समजा, आता दहा ते वीस मिनिटं वाट पाहायची. ही वाट पाहणं अनेकांना जड जातं. माझ्या मते फेरीचा सगळ्यात चांगला भाग तोच. इंजिन मंद असतं, चाळीस माणसं गप्प असतात आणि प्रत्येक जण वेगळ्या दिशेला बघत असतो.

तो जिथे बुडाला तिथे पाण्यावर गुळगुळीत, तेलकट दिसणारं वर्तुळ उरतं. शेपटीच्या फटक्याने खालचं पाणी वर येतं आणि लाटा दबतात, त्यातून ते तयार होतं. मुलांना ही देवमाशाची पाऊलखूण जरूर दाखवा. माझ्या मुलीला उडीपेक्षा तीच जास्त लक्षात राहिली.

याशिवाय कधी लांब पांढरट वल्ह्यासारखा पंख पाण्यावर आपटताना दिसतो, कधी नुसतं डोकं वर काढून स्थिर राहिलेला देवमासा. एका मादीमागे तीन-चार नर एकमेकांना ढुशा देत वेगाने जाताना दिसले तर तुमचं नशीब जोरावर आहे. त्या वेळी त्यांचे श्वास वाफेच्या इंजिनासारखे ऐकू येतात. आणि सगळ्यात शांत दृश्य म्हणजे आई आणि पिल्लू. आई खाली निश्चल असते. पिल्लाला इतका वेळ श्वास धरता येत नाही, म्हणून ते एकटंच वर येतं, छोटासा फवारा सोडतं, एखादी वेडीवाकडी कोलांटी मारतं आणि पुन्हा आईच्या कुशीत जातं. माझ्या आईने हे पाहिलं तेव्हा ती कठड्याला धरून नुसती उभी राहिली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तिला जेवायला मिळालं पाहिजे लवकर."

बोट लागते का?

लागते, आणि हा प्रश्न हलक्यात घेऊ नका. हिवाळ्यात इथे उत्तरेचा वारा सुटतो आणि दोन-अडीच मीटरच्या लाटा ही नेहमीची गोष्ट आहे. शिवाय देवमाशाची वाट बघताना बोट एका जागी डुलत राहते, ते चालत्या बोटीपेक्षा जास्त त्रासदायक असतं. ज्यांना घाटात एसटी लागते त्यांनी गोळी घ्यावीच. बोट सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. कोणती गोळी घ्यायची ते भारतातून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा, विशेषतः मुलांसाठी आणि रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांसाठी.

आदल्या रात्री नीट झोपा. उपाशी जाऊ नका आणि तुडुंब खाऊनही जाऊ नका. मागच्या बाजूला, मध्याजवळ बसा, तिथे हेलकावे कमी. क्षितिजाकडे बघा, मोबाइलच्या पडद्याकडे नको. मी आल्याच्या वड्या ठेवते. उलटी झालीच तर लाजू नका, पिशव्या बोटीवर असतात आणि नाखव्याने ते हजारदा पाहिलेलं असतं.

वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना नेता येतं का?

चालता-उठताना आधार लागत नसेल तर वयाची अडचण नाही. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकतानाचा क्षण मात्र सांभाळा, बोट खाली-वर होत असते, घाई करू नका. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर लाटांचे आपटे सोसत नाहीत. गरोदर स्त्रियांना बहुतेक बोटी घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मुलांची किमान वयाची अट बोटीनुसार बदलते. लाइफ जॅकेट सगळ्यांना घालावं लागतं.

कपडे काय घालायचे?

ओकिनावा उबदार म्हणून लोक टी-शर्टवर येतात आणि कुडकुडतात. जानेवारी-फेब्रुवारीत हवा सरासरी १७ अंशांच्या आसपास असते, पण उघड्या बोटीवर वारा आणि पाण्याचे तुषार मिळून ती खूपच गार वाटते. आत स्वेटर, वरून वारा-पाणी अडवणारं जाकीट, कानटोपी, आणि ओल्या फळीवर न घसरणारे बूट. साडी किंवा ओढणी नको.

शाकाहारी माणसाचं काय?

खरं सांगायचं तर कठीण आहे. भाज्यांच्या सुपातही माशाचा अर्क असतो आणि ओकिनावा सोबाचा, म्हणजे तिथल्या नूडल्सचा, रस्सा बहुधा डुकराच्या हाडांचा. मिनशुकुमध्ये नोंदणी करतानाच, नेमकं काय खात नाही ते पदार्थांची नावं घेऊन कळवा. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर मासे चालतात असा समज होऊ शकतो. दशम्या, मेतकूट, कोरडी चटणी सोबत असलेली बरी. वाफवलेला भात सगळीकडे मिळतो.

दोन गोष्टी मात्र घरच्या वाटतील. एक म्हणजे कारलं. ओकिनावात ते 'गोया' नावाने फार आवडीने खातात. परतलेल्या गोयात बहुधा मांस आणि अंडं असतं, एवढं लक्षात ठेवा. दुसरी 'कोकुतो', उसाच्या रसापासून केलेला काळसर गूळ. आईने एक खडा तोंडात टाकला आणि ताबडतोब चार पाकिटं घेतली.

देवमाशाचं गाणं ऐकू येतं का?

काही बोटींवर पाण्यात मायक्रोफोन सोडतात, आधी विचारून बघा. गातात ते नर. एक गाणं साधारण दहा-वीस मिनिटांचं असतं आणि तेच ते तासन् तास पुन्हा गातात. त्यात ठरावीक क्रमाने येणारे स्वरसमूह असतात, हे रॉजर पेन आणि स्कॉट मॅकवे यांनी १९७१ साली शोधनिबंधातून मांडलं. एका भागातले सगळे नर जवळपास एकच गाणं गातात आणि ते गाणं हळूहळू बदलत जातं. एका घराण्याची बंदिश, पण दरवर्षी तिच्यात थोडी नवी जागा, असं मला ऐकताना वाटतं. कधी दाराची करकर, कधी म्हशीचं हंबरणं, कधी थेट सनईचा सूर. ते का गातात याबद्दल शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

त्यांच्याबरोबर पोहण्याच्या सहलीही असतात ना?

ओकिनावात असतात. मी गेलेले नाही आणि कुणाला जा म्हणणार नाही. कारण वर सांगितलं आहे: उपाशी आई, दूध पिणारं पिल्लू. बोटीवरून दिसतं ते पुरेसं आहे. चांगला नाखवा लांबूनच वेग कमी करतो, देवमाशाच्या वाटेत आडवा येत नाही, पिल्लू असेल तर आणखी अंतर ठेवतो आणि ठरलेल्या वेळानंतर निघून जातो. देवमासा स्वतःहून बोटीजवळ आला तर इंजिन मोकळं सोडून थांबायचं. "अजून जवळ घ्या" असं नाखव्याला म्हणू नका. आपण म्हणत राहिलो तर कधीतरी तो ऐकतो.

जपान तर देवमासे मारतो. मग तिथे पैसे का द्यायचे?

रास्त प्रश्न आहे. जपानने १ जुलै २०१९ पासून आपल्या समुद्रात व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. त्यात ब्राइड्स, मिंकी, सेई आणि २०२४ पासून फिन जातीचे देवमासे मारले जातात. मला ते पटत नाही. हंपबॅक त्या यादीत नाही.

झामामीचा इतिहास जरा निराळा आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि ६० च्या सुरुवातीला ओकिनावाच्या पाण्यातही हंपबॅकची शिकार झाली आणि ते दिसेनासे झाले. उत्तर पॅसिफिकमध्ये १९६६ साली त्यांना संरक्षण मिळालं, पण इथे ते पुन्हा नजरेस पडायला ऐंशीचं दशक उजाडलं. आज या बेटावरची कित्येक घरं हिवाळ्यात जिवंत देवमाशावर चालतात. माझे पैसे त्या घरांत जावेत असं मला वाटतं, म्हणून मी जाते.

आपल्या कोकणात हे का बघायला मिळत नाही?

अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत, आणि ते जगावेगळे आहेत. बाकीचे हजारो किलोमीटर ये-जा करतात, हे मात्र बारा महिने अरबी समुद्रातच राहतात. ते फारच थोडे उरले आहेत. ओमानच्या किनाऱ्यावर त्यांचा अभ्यास झाला आहे. सोव्हिएत शिकारी जहाजांनी १९६० च्या दशकात त्यांच्यातले दोनशेहून अधिक मारले, त्यातून ही छोटी संख्या अजून सावरलेली नाही. सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ संशोधकांनी ब्राइड्स देवमासेही पाहिले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला किनाऱ्यावर अडकलेल्या पिल्लासाठी लोक दिवस-रात्र खपले होते, ते अनेकांना आठवत असेल. ते वाचलं नाही.

म्हणजे देवमासे आपल्याकडे आहेत, पण विरळ आणि दूर. डॉल्फिन मात्र तारकर्लीपासून हर्णैपर्यंत दिसतात, आणि तिथल्या बोटी बऱ्याचदा त्यांच्यामागे थेट धावतात. झामामीहून आल्यावर मला ते बघवत नाही. कोकणात डॉल्फिन बघायला जाल तेव्हा निघण्यापूर्वीच नाखव्याला सांगा: "दादा, पाठलाग नको, इंजिन मंद करून थांबू या." मी सांगून पाहिलं आहे, ते ऐकतात.

फोटो कसे घ्यायचे?

मोबाइलवर पाणी आणि आकाश येतं, देवमासा येत नाही. ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाचा शटर वेग ठेवा. पण पहिली दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

फोटो काढलात तर शेपटीच्या खालच्या बाजूचा काढा. तिथली काळी-पांढरी नक्षी आणि कडांवरचे व्रण प्रत्येक देवमाशाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. या नक्षीवरूनच ओकिनावात दिसलेले देवमासे फिलिपिन्सच्या बाबुयान बेटांपाशी आणि रशियाच्या समुद्रात ओळखले गेले आहेत. 'हॅपीव्हेल' या संकेतस्थळावर तारीख आणि ठिकाणासह तुमचा फोटो टाकला, तर तो आधीच्या नोंदींशी ताडून बघतात.

फेरी रद्द झाली तर?

होते. तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या दोन्ही दिवसांच्या फेऱ्या रद्द झाल्या. वाऱ्याने दारं धडधडत होती, परतीची वेगवान बोटही बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला तशी मी गावातून इनासाकीकडे चालत निघाले. चढ आहे, पण रस्ता चांगला आहे. कठड्याला टेकून दुर्बीण लावली. पांढऱ्या फेसाळ लाटांत फवारा वेगळा ओळखू येईना. अर्ध्या तासाने एक झुडूप उमटलं, जे लाटेबरोबर सरकलं नाही. त्याच्या शेजारी लगेच एक छोटं झुडूप. मोठं, छोटं, छोटं, मग पुन्हा मोठं. अंधार पडेपर्यंत ती दोघं संथपणे उत्तरेकडे चालली होती, आणि त्या सबंध पाण्यावर एकही बोट नव्हती.